सेंटओएस ७ वरचा सीपॅनेल सर्व्हर हलवताना: माझा अनुभव

सेंटओएस ७ या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले आणि होस्टिंग सांभाळायच्या सीपॅनेल सॉफ्टवेअरनेही त्यावर ११० च्या पुढची आवृत्ती दिली नाही. आमच्या सर्व्हरवर सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडते, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, विश्रामबागचे सीए, मिरजेतले दवाखाने अशी अकाउंटं. चालू सर्व्हरवरच ईलेव्हेट हे अपग्रेडचं टूल चालवून अल्मालिनक्स ८ या नव्या सिस्टिमवर जाता येतं. पण ते मध्येच अडकलं तर सगळे ग्राहक एकदम बंद. म्हणून मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये दुसरा सर्व्हर घेऊन अकाउंटं टप्प्याटप्प्याने नेली. काही दिवस भाडं आणि लायसन्स दुहेरी पडतं, पण मागे फिरायची सोय राहते.

सुरुवात डीएनएसपासून, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या आयपीवर (सर्व्हरच्या पत्त्यावर) जातं त्या नोंदींपासून. सीपॅनेलच्या झोनमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या फाइलीत) टीटीएल, म्हणजे बाहेरचे सर्व्हर नोंद किती सेकंद लक्षात ठेवतात तो आकडा, बहुतेक १४४०० असतो, म्हणजे चार तास. तो ३०० वर आणायचा आणि मग जुने चार तास उलटेपर्यंत थांबायचं. टीटीएल बदलून लगेच आयपी फिरवला तर त्याचा उपयोग शून्य. प्रत्येक डोमेनचे नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर) कुठे आहेत याची यादी आधीच करावी. जिथे डीएनएस डोमेन विकणाऱ्याकडे आहे तिथे सीपॅनेलची लाइव्ह ट्रान्सफर सोय आयपी बदलून देऊ शकत नाही, ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपी सांगणारी नोंद) हातानेच बदलावा लागतो. आणि तो पासवर्ड हमखास जुन्या वेब डिझायनरकडे असतो.

प्रत्यक्ष हलवणं सोपं. डब्ल्यूएचएम या सीपॅनेलच्या अॅडमिन पॅनेलमधलं ट्रान्सफर टूल फाइली, डेटाबेस, मेलबॉक्स, पासवर्ड सगळं आणतं. काम सर्व्हरवरच मागे चालू राहतं, त्यामुळे इकडे लाइट गेली तरी बिघडत नाही. एसएसएचवर (दुरून कमांड चालवायच्या जोडणीवर) काही चालवत असाल तर मात्र स्क्रीन किंवा टीमक्समध्येच चालवा, जोडणी तुटली तरी तिथे काम चालू राहतं. नव्या डिस्कवर जीबींबरोबर आयनोडही (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद) मोजा. मेलच्या लाखो बारीक फाइलींनी आयनोड संपले की जागा असूनही डिस्क भरल्याचा एरर येतो.

डीएनएस फिरवण्याआधी आपल्या पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये (ती फक्त त्या पीसीपुरता डोमेनचा आयपी ठरवते) नवा आयपी टाकून साइट उघडून बघायची. पीएचपी ५ च्या काळातला कोड असेल तर मायएसक्यूएल_कनेक्ट या डेटाबेस जोडणाऱ्या फंक्शनवरच पान मरतं, कारण तसली जुनी फंक्शनं पीएचपी ७ मध्ये काढून टाकली. हा एरर निदान समोर तरी दिसतो. मराठी साइटचा घोटाळा जास्त फसवा: साइट उघडते, फोटो येतात, पण हळदीच्या दरांच्या जागी ए-वर-मात्रा छापाची रोमन गिचमिड. कोडमध्ये डेटाबेस कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट (अक्षरांचे बाइट कसे वाचायचे तो नियम) सांगितलेला नसेल तर सर्व्हरचा डिफॉल्ट लागतो. जुन्या मायएसक्यूएलवर तो लॅटिन१ (रोमन लिपीपुरता) होता, मायएसक्यूएल ८ वर यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिप्या चालणारा) आहे. मराठीचे यूटीएफ८ बाइट वर्षानुवर्षं लॅटिन१ टेबलात जात होते आणि तसेच परत येत होते, म्हणून कोणाला कळलं नाही. नवा सर्व्हर त्यांचं रूपांतर करायला जातो आणि बिघडवतो.

इथे टेबलावर सरळ कन्व्हर्ट चालवू नका, गिचमिड कायमची बसेल. तात्पुरतं कोडमध्ये कनेक्शनला लॅटिन१ सांगितलं की मराठी परत दिसते. पक्कं करायचं तर जुन्या सर्व्हरवर डंप (डेटाबेसची एका फाइलीतली नक्कल) घेताना डिफॉल्ट कॅरॅक्टर सेट लॅटिन१ द्यायचा, सोबत स्किप सेट कॅरसेटचा पर्याय. मग त्या फाइलीतल्या टेबलांच्या व्याख्येत लॅटिन१ च्या जागी यूटीएफ८एमबी४ करून, यूटीएफ८एमबी४ नेच इम्पोर्ट करायचा. कोडमध्येही तोच सेट लिहून टाका.

खरी कसोटी मेलची. एका सीएचं डोमेन नव्या सर्व्हरवर गेलं, पण जुन्या सर्व्हरच्या लोकलडोमेन्स फाइलीत (ज्यांची मेल तिथेच ठेवायची त्या डोमेनच्या यादीत) त्याचं नाव तसंच राहिलं, असं धरा. जुन्यावरच असलेल्या अडत्याने आपल्या सीएला मेल पाठवला, तर मेल पोचवणारा एक्झिम एमएक्स (मेल कुठे द्यायची ते सांगणारी डीएनएस नोंद) बघतच नाही. डोमेन आपलंच समजून मेल जुन्या मेलबॉक्समध्ये टाकतो. बाउन्स नाही, एरर नाही. अडता म्हणतो पाठवला, सीए म्हणतो आलाच नाही, आणि दोघंही खरंच बोलतात. डीएनएस फिरवला की त्याच बैठकीत जुन्या सर्व्हरवर ईमेल राउटिंग रिमोट करायचं, म्हणजे या डोमेनची मेल बाहेरच्या सर्व्हरवर जाते असं त्याला सांगायचं. ज्यांची मेल गूगलकडे आहे त्यांचं नव्यावरही रिमोटच हवं.

मधल्या वेळात जुन्यावर उतरलेली मेल नंतर आणताना मेलबॉक्स सांभाळणाऱ्या डव्हकॉटची डव्हकॉट-यूआयडीलिस्ट फाइल पुन्हा कॉपी करू नका. पहिल्या ट्रान्सफरमध्ये ती आलेलीच असते, आणि पॉपवर (मेल पीसीवर उतरवून घ्यायच्या पद्धतीवर) चालणारं आउटलुक कुठली मेल आधी उतरवली हे तिच्यावरूनच ओळखतं. ती बिघडली तर वर्षाची मेल पुन्हा उतरायला लागते. ट्रान्सफरच्या वेळेनंतरच्या फाइलीच फाइंड कमांडने निवडून आरसिंक या कॉपी करणाऱ्या टूलने आणा, मालकी त्या अकाउंटच्या युजरकडे आहे ना ते बघा.

बाहेर जाणाऱ्या मेलसाठी पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) लागतो. तो आयपी ज्याचा त्यालाच लावता येतो, म्हणून डेटा सेंटरला आधीच तिकीट टाकून ठेवा. सर्व्हरचं होस्टनेम आणि पीटीआर एकच हवं. एसपीएफमध्ये (डोमेनची मेल कुठल्या आयपीवरून येऊ शकते त्या नोंदीत) नवा आयपी घाला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल यात ढिलाई ठेवत नाही.

एवढं करूनही ‘साहेब, मेलच येईना झालीय’ असे फोन येतात. बहुतेक वेळा आउटलुकमध्ये स्वतःच्या डोमेनऐवजी जुन्या सर्व्हरचं होस्टनेम भरलेलं असतं; माणूस रोज जुनाच मेलबॉक्स उघडत असतो. चुकीच्या पासवर्डने सतत ठोकणारा एखादा मोबाइल असला की सीपॅनेलचं संरक्षण सीपीहल्क अख्ख्या ऑफिसचा आयपी अडवतं, तेही तपासा. जुना सर्व्हर बंद करण्याआधी त्याच्या मेललॉगमध्ये डव्हकॉटची लॉगिन बघायची. जितकी नावं दिसतील तितक्यांना फोन करून आउटलुकमधलं सर्व्हरचं नाव बदलून घ्यायचं, आणि लॉगमधली लॉगिन थांबली की मगच भाडं बंद करायचं.