660 चा पाठलाग: फ्रेम अँटेना आणि डब्ल्यूएफएएन

मंडळी, न्यूयॉर्कचं डब्ल्यूएफएएन हे खेळांचं रेडिओ स्टेशन 660 किलोहर्ट्झवर पकडायचं म्हणून फ्रेम अँटेनाला (चौकटीवर तार गुंडाळून केलेल्या अँटेनाला) शेवटी तारेचे चार वेढे वाढवले. दोन फुटी लाकडी चौकटीवर दहा वेढे होते, पण गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर) पूर्ण बंद केला तरी 700 किलोहर्ट्झच्या खाली काही उतरेना. चौदा वेढ्यांवर काम झालं. काल रात्री दहाच्या सुमाराला गँग केसभर फिरवला आणि खरखरीच्या आतून न्यूयॉर्क असं वर आलं, की मी नॉबवरचा हात तसाच धरून बसलो. कार्यक्रमात फोन केलेला कुणी श्रोता सांगत होता: पहिल्यांदाच फोन करतोय, ऐकतोय मात्र वर्षानुवर्षं.

आमच्या पिट्सबर्गहून न्यूयॉर्क साधारण 500 किलोमीटर. अंतराचं काही नाही, रात्री आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा, रेडिओ लहरी परतवणारा थर) ते सहज पार करून देतं. खरी अडचण शेजाऱ्याची. 670 वर शिकागोचं डब्ल्यूएससीआर, तेही खेळांचंच स्टेशन, आणि तेही दणदणीत. न्यूयॉर्क पूर्वेला, शिकागो पश्चिमेला. फ्रेम फिरवून एखाद्या दिशेचं स्टेशन दाबता येतं, पण ती समोरासमोरच्या दोन्ही बाजूंनी सारखंच ऐकते, त्यामुळे शिकागो दाबावं तर न्यूयॉर्कही दबणार, अशी माझी समजूत होती. नकाशावर पट्टी ठेवल्यावर कळलं की ही दोन गावं एका सरळ रेषेत नाहीत, साधारण 25 अंशांचा फरक पडतो. तेवढ्यावर भागतं. शिकागो जवळजवळ नाहीसं होतं, न्यूयॉर्क थोडं बारीक होतं पण शब्द न् शब्द कळतो.

(पुण्याहून आणलेला डिजिटल सेट इथे कामाचा नाही. तो 9 किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी जातो: 657, मग थेट 666. अमेरिकेत पायरी 10 ची.)

आता स्टेशनचा इतिहास. 1 जुलै 1987 ला दुपारी 3 वाजता 1050 वरचं डब्ल्यूएचएन हे कंट्री संगीताचं स्टेशन संपलं आणि डब्ल्यूएफएएन सुरू झालं. दिवसरात्र फक्त खेळ, असं स्टेशन त्याआधी कुणी चालवलं नव्हतं. पहिला आवाज सुझिन वॉल्डमन यांचा, म्हणजे एका बाईचा. पुढे 2005 पासून त्या यांकीज या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाच्या सामन्यांच्या रेडिओ प्रसारणात आल्या. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मालक जेफ स्मुल्यान यांची एमिस कंपनी. न्यूयॉर्कच्याच मेट्स या दुसऱ्या बेसबॉल संघाचे सामने डब्ल्यूएचएनकडून वारशात मिळाले होते, आणि मेट्स 1986 चे विजेते. तरी सुरुवातीचा काळ तोट्याचाच गेला. माझ्या मते स्टेशन वाचलं ते 7 ऑक्टोबर 1988 ला. एमिसने एनबीसी या प्रसारण कंपनीची रेडिओ स्टेशनं विकत घेतली आणि डब्ल्यूएफएएन 1050 वरून, त्यातल्याच न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीसीच्या 660 वर गेलं. ताकद दोन्हीकडे 50 किलोवॅटच, पण 1050 वर लहर ठरावीक दिशांना बांधून सोडावी लागे, 660 वर ती चहूकडे मोकळी सुटते. शिवाय डब्ल्यूएनबीसीचे सकाळचे निवेदक डॉन आयमस आयते मिळाले. पुढच्या सप्टेंबरात माइक फ्रान्सेसा आणि ख्रिस रूसो हे निवेदक दुपारच्या कार्यक्रमाला एकत्र बसले, ते थेट 2008 पर्यंत.

660 ची मुळं त्याहून जुनी. हेच एकेकाळचं डब्ल्यूईएएफ, ज्याने 28 ऑगस्ट 1922 ला पैसे घेऊन जाहिरात लावली: क्वीन्समधल्या घरांची, दहा मिनिटं, 50 डॉलर. आणि त्याच्या आदल्या वर्षी, 5 ऑगस्ट 1921 ला, आमच्याच गावच्या केडीकेए स्टेशनवरून हॅरॉल्ड आर्लिन यांनी फोर्ब्स फील्डवरचा बेसबॉल सामना सांगितला. रेडिओवरचा तो पहिला बेसबॉल सामना. मी त्याच गावात गॅरेजमध्ये बसून हे ऐकतोय, याचा आनंद काय सांगू!

2012 पासून डब्ल्यूएफएएन एफएमवर 101.9 ला स्वच्छ ऐकू येतं, फोनवरही येतं. पण मला हवं ते ब्रॉन्क्सच्या हाय आयलंडवरच्या मनोऱ्यातून निघालेलं. त्या मनोऱ्यावर 660 च्या जोडीला 880 चं स्टेशनही आहे. ते बातम्यांचं होतं; 880 वरच्या बातम्या ऑगस्ट 2024 मध्ये बंद झाल्या आणि तेही खेळांचंच झालं.

शिकागो दबतं त्या दिशेची फ्रेमच्या पायाशी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. पुढची नोंद 880 ची. मनोरा तोच, आणि शेजारी 890 वर पुन्हा शिकागोच, त्यामुळे खूण फारशी हलवावी लागू नये.