फोटोशॉपमधला संगमरवर आणि छापल्यावर उमटलेली वलयं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या गणपती मांडवासाठी मागचा पडदा करायचा होता. १२ फूट बाय ८ फूट, पांढरा संगमरवर, करड्या शिरा.

दगड तयार करणं अवघड नाही. 'डी' दाबून रंग काळा-पांढरा करा, फिल्टर मेनूच्या रेंडरमधला क्लाउड्स (ढगांसारखी नक्षी काढणारा फिल्टर), त्यावर डिफरन्स क्लाउड्स (जुन्या आणि नव्या ढगांतला फरक दाखवणारा) सात-आठ वेळा. जुन्या आणि नव्या ढगाची राखाडी छटा जिथे सारखी, तिथे फरक शून्य होतो आणि काळी शीर उमटते.

अडलं ते पुढे. पहिला फ्लेक्स आला तेव्हा शिरांमधल्या मोकळ्या जागेत नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी वलयं होती. काउंटरवर एकच उत्तर, "फाइल ज एवी छे", म्हणजे फाइलच तशी आहे. पुन्हा छापायचे पैसे माझेच गेले. त्याचा राग अजून आहे, पण निम्मा दोष खरंच फाइलचा होता.

आठ बिटमध्ये एका चॅनलला (लाल, हिरवा, निळा यांतल्या प्रत्येक थराला) २५६ छटा. शिरा ठळक करायला मी लेव्हल्सच्या (काळ्या-पांढऱ्याच्या सीमा ठरवणाऱ्या साधनाच्या) कडा १०० आणि १६० वर ओढल्या. म्हणजे साठेक छटाच २५६ वर ताणल्या गेल्या, दोन छटांमध्ये चारेक पायऱ्यांची फट पडली. हिस्टोग्राम, म्हणजे कोणती छटा किती आहे हे दाखवणारा आलेख, कंगव्यासारखा दिसला की ओळखायचं. मग घाईने फाइल सोळा बिट, म्हणजे हजारो छटांची, केली. काही उपयोग नाही, हरवलेल्या छटा परत येत नाहीत. सोळा बिट क्लाउड्सच्या आधी निवडायचं. त्यात फिल्टर गॅलरी (कलात्मक फिल्टरांचा संच) मात्र बंद राहते, तेव्हा तिचं काम शेवटी, आठ बिटवर आल्यावर.

उरलेला निम्मा दोष जेपेगचा. दुकानात जेपेगच मागितली होती आणि तिथे ती पुन्हा कमी दर्जात सेव्ह झाली. वलयं झाकायला घातलेली बारीक नॉइज (विखुरलेले दाणे) त्यात पुसली गेली. आता मी एलझेडडब्ल्यू टिफ (दर्जा न घटवता दाबलेली फाइल) पेनड्राइव्हवर देते आणि समोर बसून उघडायला लावते. लाज वाटू देऊ नका.

अॅड नॉइज फिल्टरमध्ये नॉइज २ टक्के, गॉशियन (दाणे पसरवायची पद्धत), मोनोक्रोमॅटिक (एकरंगी). हा मोनोक्रोमॅटिकचा खूण-चौकोन सुटला तर दगडावर रंगीत ठिपके येतात. नॉइज चित्र मोठ्या आकारात नेल्यावरच घाला, आधी घातली तर दाणे फुगतात.

आकाराचं आधी सांगायला हवं होतं. ढगांची व्याप्ती पिक्सेलमध्ये ठरलेली असते, कॅनव्हास वाढवला तरी ते वाढत नाहीत. १०३६८ × ६९१२ वर, म्हणजे ७२ पीपीआयला (इंचाला ७२ पिक्सेल), थेट क्लाउड्स चालवलात तर दगड नाही, रवा दिसेल. २५९२ × १७२८ वर करून चौपट मोठं करा.

आणि वलयं तपासताना झूम १०० टक्केच ठेवा. लहान करून पाहिलं तर खोटी वलयंही दिसतात आणि खरी लपतातही. दुसरा फ्लेक्स छापण्याआधी मी मोकळ्या भागाचा एक फुटाचा तुकडा छापून घेतला. तो स्वच्छ आला, तेव्हाच पूर्ण पडदा मशिनवर चढवू दिला.