राग बाकावर राहतो का?

पाचवीच्या वर्गात इंग्रजी नामं शिकवताना सुरुवातीला गाडी सुसाट जाते. परळ हे प्रॉपर नाउन, स्टेशन हे कॉमन नाउन, आणि क्राउड म्हणजे काय हे मुंबईच्या पोरांना सांगावं लागत नाही. अडतं ते अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउनपाशी, म्हणजे भाववाचक नामापाशी. गाइडमध्ये व्याख्या असते की जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याला वास नाही, चव नाही, जे हाताला लागत नाही, त्याचं नाव. मुलं ती घडाघडा म्हणून दाखवतात आणि लगेच विचारतात, “बाई, वारा?” “बाई, करंट?” “बाई, भूत?”

हे प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. व्याख्या जिथे कच्ची आहे नेमकं तिथेच मुलांचं बोट पडतं. वारा दिसत नाही पण अंगाला लागतो. करंट दिसत नाही, पण ज्याने ओल्या हाताने स्विच दाबलाय त्याला विचारा. भुताचं तर काय करायचं? दहा वर्षांच्या मुलाला ‘इंद्रियांना न जाणवणारं’ असं सांगून त्याच्या हाती काहीच लागत नाही. राग त्याला जाणवतो, भूक जाणवते, तीही दप्तराच्या ओझ्याहून जास्त.

जुलैतल्या एका पावसाळी दिवसाची ही गोष्ट. सकाळपासून धो धो कोसळत होता, हिंदमाताला पाणी भरलं होतं, गाड्या रखडलेल्या. आमच्या शाळेत जवळच्या चाळींतली मुलं तेवढी पोचली होती. दोन तुकड्यांची मिळून एका वर्गात बसवली. नवा धडा घ्यावा तर निम्मी मुलं गैरहजर, म्हणून मी नुसतं विचारलं, “येताना काय काय झालं ते सांगा.”

सगळे एकदम बोलायला लागले. गुडघाभर पाण्यातून येताना भीती वाटली. पाणी उडवायला मजा आली. थंडी वाजतेय. डबा आणला नाही, आत्तापासूनच भूक लागलीय. मागच्या बाकावरून आवाज आला, “कंटाळा आला, बाई, घरी सोडा ना.” मी बोलणाऱ्याचं वाक्य ऐकत होते आणि त्यातला एकच शब्द फळ्यावर लिहीत होते. भीती, मजा, थंडी, भूक, कंटाळा. शेजारी फिअर, फन, कोल्ड, हंगर, बोअरडम.

मराठी मुलांच्या बाबतीत हे लक्षात घ्यायला हवं. आपण मनातलं आणि अंगातलं सांगतो ते नामानेच सांगतो. मला राग येतो, मला भीती वाटते, मला झोप येते, मला आनंद होतो. इंग्रजी तिथे विशेषण वापरतं: आय अ‍ॅम अँग्री, आय अ‍ॅम अफ्रेड, आय अ‍ॅम स्लीपी, आय अ‍ॅम हॅपी. त्यामुळे ‘आय अ‍ॅम हंगर’ लिहिणाऱ्या मुलाला भाववाचक नाम कळलेलं नसतं असं नाही. ते त्याच्या जिभेवर जन्मापासून आहे. त्याला इंग्रजीतलं विशेषण नवं असतं. 2000 सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे पाचवीपर्यंत चार वर्षं मुलं हे शब्द ऐकत आलेली असतात. तरी आपण व्याख्येपासून सुरुवात करतो, मुलांच्या स्वतःच्या वाक्यापासून नाही, याचं मला वाईट वाटतं.

फळ्यावरचे शब्द दाखवून मी विचारलं, “भीती कोणाची?” “माझी!” “भूक कोणाची?” “माझी!” मग हे ‘माझं’ इंग्रजीत लावून बघितलं. माय फिअर, माय हंगर. ‘माय अफ्रेड’ म्हणता येतं का? ‘माय हंग्री’? मुलांनी तोंडं वाकडी केली. कानाला खटकतं हे त्यांना कळलं, नियम सांगावा लागला नाही. विशेषण आणि नाम वेगळं काढायला ‘माय’ची ही चाळणी पुष्कळ उपयोगी पडते.

पण एक मुलगा उठला. “बाई, दप्तरपण माझंच आहे. माय बॅग.”

बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, “तू घरी गेलास आणि दप्तर इथेच विसरलास, तर ते बाकावर राहील का?”

“राहील.”

“आणि तुझा राग?”

तो थांबला. शेजारच्याशी त्याचं सकाळीच छत्रीवरून भांडण झालं होतं, त्यामुळे राग ताजा होता. “राग माझ्यासोबत घरी येईल,” तो म्हणाला. “बाकावर कसा राहील?”

पुढचा तास बाकानेच घेतला म्हणायला हरकत नाही. छत्री राहील, कंपास राहील. मैत्री? दोघी गेल्या की राहणार नाही. वारा? खिडकी उघडी असेल तर राहील, त्याला आपली गरज नाही. नाव? इथे गोंधळ झाला, कारण एकाने कर्कटकाने बाकावर आपलं नाव कोरलेलं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. कोरलेली अक्षरं वेगळी आणि नाव वेगळं, यावर बरंच भांडून झालं. भुतावर मात्र एकमत झालं. भूत असेल तर ते रात्री बाकावर बसेल, त्याला कोणी मालक लागत नाही, म्हणून ते कॉमन नाउन. भीती आपली, ती आपल्याबरोबर जिना उतरणार. हे असंच्या असं एका मुलीने सांगितलं.

मराठी व्याकरणात ही गोष्ट पहिल्यापासून सांगितलेली आहे. सामान्यनाम आणि विशेषनाम ही धर्मिवाचक, भाववाचक नाम हे धर्मवाचक. धर्म म्हणजे गुण, आणि तो ज्याच्या अंगी आहे तो धर्मी. गुण धर्मीला सोडून वेगळा राहत नाही. डी.एड.ला आम्ही हे पाठ केलं होतं. पाचवीच्या मुलांना हे शब्द सांगायची गरज नाही, पण त्यामागचा विचार त्यांना पेलतो, आणि ‘हाताला लागत नाही’पेक्षा कितीतरी सहज पेलतो.

त्या दिवसाची खरी कमाई मात्र पुढे आहे. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, स्वतःहून क्वचित बोलते. ती म्हणाली, “बाई, पुस्तकात दिसत नाही लिहिलंय. पण माया दिसते.”

दोघंतिघं हसले. मी त्यांना गप्प केलं आणि तिला विचारलं, कुठे दिसते. तिचे काका लालबागला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. जुलैत कारखाने भरलेले असतात, ही शाळा सुटली की तिथे जाऊन बसते. तिने सांगितलं की आखणीच्या आधी गणपती नुसता पांढरा असतो, एवढा मोठा असूनही आपल्याकडे बघत नाही. काका आधी बुबुळ भरतात, मग वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतात, मध्ये श्वास घेत नाहीत. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका देतात. “ठिपका दिला की माया येते. काका बोलतात, माया नाय आली तर डोळा परत काढायचा.” हे सांगताना तिने बोटाने हवेत रेघ ओढून दाखवली. मघाशी हसलेले आता मान पुढे करून बघत होते.

मी फळ्यावर ‘काइंड’ लिहिलं, शेजारी ‘काइंडनेस’. “द आइज आर काइंड. आणि काइंडनेस कोणाची?”

“गणपतीची.”

“बाकावर राहील?”

ती म्हणाली, “रंग पुसला तर मूर्ती राहील. माया नाय राहणार.”

दिसण्या-न दिसण्याचा निकाल तिथे लागला. माया दिसते, राग तर भुवयांत दिसतो, आनंद ऐकूही येतो. व्याख्येला चिकटून मी त्या मुलीला ‘चूक’ म्हटलं असतं तर ती वर्षभर पुन्हा बोलली नसती, आणि चूक तर ती नव्हतीच.

काइंडनेस मिळाल्यावर मुलांना शेपूट सापडलं. सॅडनेस, डार्कनेस, गुडनेस, आणि पाठोपाठ ब्रेव्हनेस, पुअरनेस, अँग्रीनेस. अशा वेळी मी लाल पेन उचलत नाही. ‘पुअरनेस’ म्हणणाऱ्या मुलाला नियम कळलाय, फक्त तो शब्द नियमात बसत नाही. मी विचारते, शहाणाचं शहाणपण, गोडचं गोडवा, मग गरीबचं गरीबवा का नाही? त्यावर ती खळखळून हसतात. गरिबी, माणुसकी, शौर्य, प्रत्येकाची शेपटी वेगळी, हे मराठीत त्यांना ठाऊक आहे. इंग्रजीतही तेच: फ्रीडम, चाइल्डहूड, फ्रेंडशिप. स्ट्राँगचं स्ट्रेंग्थ, वॉर्मचं वॉर्म्थ. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर फ्रेंच शब्दांची रीघ लागली, पॉव्हर्टी आणि ऑनेस्टी ही त्यातलीच. एवढा इतिहास मुलांना गोष्टीसारखा आवडतो आणि ‘पॉव्हर्टी’ लक्षात राहतो.

दुपारी पाऊस उघडला, पालक न्यायला आले. पुढच्या आठवड्यात भरलेल्या वर्गापुढे त्या दिवशीच्याच मुलांनी बाकाची परीक्षा घेतली. शिष्यवृत्तीच्या सरावात टॉर्च, पिलो, डार्कनेस, लॅडर यांतलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाउन ओळखायचं होतं. एकीने विचारलं, अंधार कोणाचा? दुसरीने सांगितलं, खोलीचा, मालक माणूसच पाहिजे असं थोडंच आहे.

‘टाइम’ला मात्र कोणालाच मालक सापडला नाही. सगळे घरी गेले तरी वेळ चालूच राहते, आणि पुस्तकाच्या यादीत तर तो शब्द अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्येच आहे. फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून तो लिहून ठेवलाय, खाली ‘लक’ही आलंय, आणि पुढच्या शनिवारी त्यावर भांडायचं ठरलंय.