तिनं चर्च सोडलं, तरी पत्रं येत राहिली

"श्रद्धा सुटली की त्या श्रद्धेतून जुळलेली मैत्रीही संपते," आज एक मैत्रीण फोनवर सहज बोलून गेली.

मला ते अजिबात पटलं नाही. तेव्हापासून फ्लॅनरी ओ'कॉनर डोक्यात आहे.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली ही कादंबरीकार, मनापासून कॅथलिक. वडील ल्यूपसनं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजारानं गेले, पुढे तोच आजार तिलाही झाला. मग मिलेजव्हिलजवळच्या शेतावर आई, पाळलेले मोर आणि लेखन. शेवटची काही वर्षं तर कुबड्यांवरच.

१९५५मध्ये तिला बेटी हेस्टर या अनोळखी वाचक बाईचं पत्र आलं. तिथून देवाबद्दल, पुस्तकांबद्दल दोघी भरभरून लिहू लागल्या. पुढच्याच वर्षी बेटी कॅथलिक झाली, तेव्हा दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या विधीत तिची धर्ममाता फ्लॅनरीच होती.

आणि १९६१मध्ये बेटीनं चर्च सोडलं.

फ्लॅनरीनं दुःख लपवलं नाही. या बातमीइतकं दुसऱ्या कशानंच आम्हाला वाईट वाटलं नसतं, अशा अर्थाचं तिनं लिहिलं. पण त्याच पत्रात हेही लिहिलं, की तू जे करतेस ते तुला योग्य वाटतं म्हणून करतेस, आणि चर्चबाहेर गेल्यानं माझ्या लेखी तुझी किंमत तसूभरही कमी होत नाही.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहायला किती बळ लागत असेल! आपण बहुधा एकच लिहितो. एक तर रुसतो, नाहीतर काही बिघडलंच नाही असं दाखवतो.

१९६४मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी फ्लॅनरी गेली. तोवर बेटीला तिची पत्रं येतच होती.

तुमच्या वाट्याला आलीय का अशी मैत्री?