डोणीतलं हिरवं सूत

मागच्या अंगणात गुरांची जुनी दगडी डोणी आहे. गुरं गेली, डोणी उरली. दर हिवाळ्यात तिच्यात हिरव्या केसांचा गुंता होतो. सासूबाई म्हणतात, "घास गं ते शेवाळ, बुळबुळीत मेलं!" मी मात्र चिमूटभर बरणीत भरून शाळेत नेते.

दहावीच्या पुस्तकात खंडीभवनाला उदाहरण दिलेलं स्पायरोगायरा ते हेच. तंतू तुटला की प्रत्येक तुकड्याचा नवा तंतू. म्हणूनच डोणी कितीही घासा, एखादा धागा उरतोच! बोटांत चटकन निसटतं ते त्यावरच्या चिकट थरामुळे. फांदी एकही नाही. पेशीला पेशी टोकाला टोक जोडलेली, आणि पेशीत हरितलवकाची फीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एक मुलगी म्हणाली, "बाई, हिरव्या बांगड्याच की!" एवढं नेमकं मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

दुपारी उन्हात ऑक्सिजनचे बुडबुडे गुंत्यात अडकतात आणि सगळी चादर वर येऊन तरंगते. कधी दोन तंतू शेजारी येऊन मधे नळ्या जोडतात, अगदी शिडीच. एकीकडचा जीवद्रव्याचा गोळा पलीकडे सरकतो. ते मला आजवर एकदाच दिसलंय.

डोणी अजून घासलेली नाही. सासूबाई रुसल्यात.