आवडलं, पण कुठल्या जागेला?

गाणं ऐकणाऱ्यांच्या तोंडी एक फार कामाचा शब्द असतो: जागा. ‘काय जागा घेतली!’ म्हणताना सगळ्या रागाबद्दल किंवा मैफलीबद्दल बोलायचं नसतं. दोन-चार सेकंदांत घडून गेलेल्या एका वळणावर बोट ठेवायचं असतं. पुस्तकांबाबत मात्र आपण ‘भारी आहे’, ‘आत भिडलं’ एवढ्यावरच थांबतो. माझ्या वहीला दोन्हींसाठी एकच नियम आहे: आवडलं म्हणायचं तर जागा लिहायची. साधी शंभरपानी वही पुरते. पुढून गाणी, मागून पुस्तकं.

आधी भूप, कारण तो माझा सगळ्यात लाडका राग आणि शिकायला सगळ्यात सोपाही. सा रे ग प ध, स्वर पाचच. पण हेच पाच स्वर देशकारातही आहेत आणि तिथे ते सकाळ उभी करतात. फरक मुक्कामाचा आहे. भूप गंधारावर (ग) विसावतो, देशकार धैवताला (ध) कवटाळून राहतो. हे वाचून कळत नाही, मोजून कळतं. आलापी, म्हणजे रागाची संथ मांडणी, सुरू झाली की पहिली पाच मिनिटं कागदावर तीन रकाने पाडा: ग, प, ध. गायिका ज्या स्वरावर थांबेल त्याखाली एक रेघ. भूपात ‘ग’चा रकाना भरत जातो, देशकारात ‘ध’चा. एक दिवस भूप, दुसऱ्या दिवशी देशकार झाला की तिसऱ्या दिवशी शुद्ध कल्याण ऐका. चढताना तो थेट भूप वाटतो, उतरताना मात्र सां (वरचा सा) वरून ध कडे आणि प वरून ग कडे येणाऱ्या मींडेत, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाताना, निषाद (नि) आणि तीव्र मध्यम (चढा म) हळूच लागून जातात. ते पहिल्यांदा कानाला लागले की अंगावर काटा येतो.

स्वर ओळखता येत नाहीत म्हणून पुष्कळजण इथे हात टेकतात. त्यावर उपाय तानपुऱ्याचं अ‍ॅप. आधी गायिकेचा सा शोधायचा. बायकांचा तो बहुधा पेटीच्या काळी चार-पाचच्या आसपास सापडतो, पुरुषांचा काळी एक किंवा पांढरी दोनजवळ. अ‍ॅप त्या पट्टीत लावून दहा मिनिटं नुसतं बसायचं. तानपुरा नीट जुळलेला असेल तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून गंधार आपोआप उमटतो. तार सा ची आणि ऐकू येतो ग! त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. भूपाचा मुक्काम याच स्वरावर असतो, म्हणून तो राग इतका घरचा वाटतो, असं मला मनापासून वाटतं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर मात्र खर्ज पोचतच नाही, त्यामुळे पायाच हरवतो. भूप हेडफोनवरच ऐकावा.

किशोरी आमोणकरांची भूपातली ‘सहेला रे’ बहुतेकांना माहीत असते. पण थेट त्या तीनतालातल्या बंदिशीवर उडी मारू नये. आधीचा विलंबित (संथ लयीतला) ख्याल ऐकून मग ती आली, तर गंधाराकडे येणारी प्रत्येक वाट ओळखीची झालेली असते.

विलंबित एकतालात दुसरी अडचण येते ती समेची, म्हणजे तालाची पहिली मात्रा पकडण्याची. लय इतकी संथ असते की बारा मात्रा मोजताना मन भरकटतं. मोजूच नका, तिरकिट धरा. ठेका, म्हणजे तबल्याचे ठरलेले बोल, असा: धिं धिं धागे तिरकिट, तू ना कत् ता, धागे तिरकिट धीं ना. तिरकिट दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतरच्या ‘तू ना’ला डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जातला) गप्प असतो, दुसऱ्यानंतरच्या ‘धीं’ला तो घुमतो. तो घुमला की पुढे एक ‘ना’ आणि मग सम. मुखडाही, म्हणजे बंदिशीची समेवर येणारी सुरुवातीची ओळ, तेवढ्यातच उचललेला असतो. असं चार आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) जमलं की समेवर मान आपसूक हलते.

जागेची नोंद मिनिट-सेकंदात केली तर ती फसते. एकच मैफल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या कापाने चढवलेली असते. कुठे निवेदन ठेवलेलं, कुठे उडवलेलं. कॅसेटवरून उतरवलेली ध्वनिमुद्रणं कधी किंचित वेगात धावतात, मग सा दोन पट्ट्यांच्या मध्येच लटकतो. म्हणून बंदिशीचा शब्द लिहायचा आणि तो कितव्यांदा आला तेही. मिनिट नुसतं सोबतीला.

पुस्तकांत हेच काम पृष्ठ क्रमांक करतो आणि तोही असाच दगा देतो. आवृत्ती बदलली की पान बदलतं. प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द लिहिले की जागा कुठल्याही प्रतीत सापडते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी मोठ्याने वाचते. पहिला भाग 1934 चा, पण गद्य आजही समोर बसून कुणी बोलावं असं. नवरा, म्हणजे ना. वा. टिळक, न सांगता घरातून निघून जातात, ते सांगतानाही लक्ष्मीबाई विशेषणांची रास घालत नाहीत. काय झालं, कोण काय म्हणालं, आपण काय केलं, बस. मनातल्या मनात वाचलं तर हसू तेवढं दिसतं. दोन पानं आवाज काढून वाचली की श्वास कुठे अडतो ते कळतं, आणि बहुतेकदा हसऱ्या वाक्याच्या शेपटालाच तो अडतो. तिथे पेन्सिलने एक टिंब द्यायचं. आख्खी वाक्यं अधोरेखित करू नयेत. पान रंगून जातं आणि जागा हरवते.

वहीत ‘अप्रतिम’, ‘सुंदर’, ‘निःशब्द’ हे शब्द मी बंदच केलेत. त्यांच्या जागी क्रियापद शोधायचं: थांबली, वळली, लपवलं, सोडून दिलं. गंधार ‘सुंदर लागला’ यातून महिन्याने काही आठवत नाही. ‘रिषभावर (रे) रेंगाळून गंधार उशिरा दिला’ एवढं असलं की ती जागा कानात परत वाजते. पहिल्या ऐकण्यात मात्र काहीच लिहू नये. लिहिणाऱ्या हाताने पुढची जागा हमखास निसटते.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ तर एका बैठकीत वाचायचं पुस्तकच नव्हे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचावा, शक्यतो शुद्ध पक्ष संपायच्या आत, म्हणजे उरलेल्या पंधरवड्यात झाडं बघता येतात. वहीत डावीकडे लेखातलं झाड, उजवीकडे आपल्या वाटेवरचं. पळस, पांगारा आणि शेवरी तिघंही पानगळीनंतर लाल-केशरी फुलतात म्हणून घोटाळा होतो. पळसाची पानं तीन-तीनच्या जुडीत, पण ऐन बहरात फांदीवर पानच नसतं. तेव्हा खालची जुनी वाळकी पानं उचलून बघावीत. शेवरीचं फूल जाड, मांसल, पाच पाकळ्यांचं. पडताना धप्प आवाज येतो. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला झुपक्याने, फांदीला काटे.

2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. त्याचा वेगळा लेख नाही, म्हणून त्या महिन्यात चैत्र आणि वैशाख पुन्हा वाचायचे आणि उजवीकडच्या रकान्यात काय चुकलं ते दुरुस्त करायचं.