चारचा घोळ

माझी सी भाषेतली एक छोटीशी लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रामात वापरायचा कोड) आहे, सेटिंग्जच्या फायली वाचणारी. मागच्या महिन्यात एकानं इश्यू, म्हणजे तक्रार, टाकला: रास्पबेरी पायवर (आर्म चिपचा छोटा संगणक) प्रोग्राम लटकतो, सीपीयू शंभर टक्के.

मी लगेच लिहून मोकळा झालो, "आर्मवर तपासलंय, चालतंय." खोटं नव्हतं, माझ्या एम-१ मॅकवर (त्यातही आर्मच) सगळ्या टेस्ट पास होत्या. तरी चैन पडेना. ड्रॉवरमधला पाय काढला, धूळ झटकली, लिनक्स चालू केलं, तीन ओळींची फाइल दिली. प्रोग्राम गेला तो परत आलाच नाही.

चूक माझीच, आणि तीही पहिल्या वर्षाच्या पोराला शोभेल अशी. एफगेटसी, म्हणजे फाइलमधून एकेक बाइट वाचून देणारं सीचं फंक्शन, त्याचं उत्तर मी 'चार' या प्रकारात ठेवत होतो. (नाव चार, जागा एकाच बाइटची!) फाइल संपली की एफगेटसी ईओएफ ही 'संपली'ची खूण देतं, म्हणजे -१. चार साइन्ड (ऋण आकडेही मावणारा) असला तर -१ तसाच राहतो. अनसाइन्ड (फक्त ० ते २५५) असला तर त्याचा २५५ होतो, मग तुलना जुळत नाही आणि लूप फिरतच राहतो.

चार साइन्ड की अनसाइन्ड, हे सीच्या स्टँडर्डनं कंपायलरवर, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्यावर, सोडलंय. इंटेलच्या लिनक्सवर साइन्ड, आर्मच्या लिनक्सवर अनसाइन्ड. जुन्या आर्मकडे साइन्ड बाइट उचलायची इन्स्ट्रक्शनच नव्हती, ती आर्मव्ही४ या आवृत्तीत आली. तोवर अनसाइन्डची वहिवाट पडून गेली होती. ॲपलनं आर्मवरही साइन्डच ठेवला, म्हणून माझा मॅक गप्प.

बरं, इंटेलवर तरी कुठे धड होतं? फाइलमध्ये २५५ हा बाइट आला की तिथेच फाइल संपली असं समजून गाडी थांबायची. जुन्या लॅटिन-१ (एका अक्षराला एक बाइट) पद्धतीच्या फायलींत डोक्यावर दोन टिंबं असलेला वाय म्हणजे हाच बाइट. माझ्या टेस्टच्या फायली मराठीत, यूटीएफ-८ या पद्धतीत लिहिलेल्या. तिथे २५५ येऊच शकत नाही.

एकानं "आर्म असेल तर" अशी इफडेफ (कंपाइल करतानाची अट) घालून पॅच, म्हणजे दुरुस्ती, पाठवला होता, तो नाकारला. उद्या चौथं मशीन आलं की आणखी एक इफडेफ, हे कुठवर पुरवायचं? चारच्या जागी इंट हा मोठा प्रकार लिहिला, त्यात -१ आणि २५५ वेगळे राहतात, झालं.

आता टेस्ट दोनदा चालतात, दुसऱ्यांदा जीसीसी या कंपायलरला चार अनसाइन्ड धरायचा फ्लॅग देऊन. त्यासाठी पायही लागत नाही. पहिल्याच रात्री आणखी एक सापडलं: अक्षर इंग्रजीबाहेरचं आहे का हे मी 'चार शून्यापेक्षा कमी' असं तपासत होतो. 'म'चा पहिला बाइट २२४, साइन्ड चारमध्ये -३२. म्हणजे इंटेलवर मराठी ओळखली जात होती, पायवर नाही.

इश्यूवरचं माझं पहिलं उत्तर खोडलेलं नाही. खाली माफी लिहिली आहे.